उष्टा डोळा

९ मार्च, अमरावती

ही डायरी जानेवारीत घेतली होती. तेव्हापासून उशाखाली होती, मग तीच उशी झाली. रोज म्हणायचो, उद्यापासून लिहू. उद्या काहीतरी निघायचंच. कोणाची गाडी परतवाड्याला चालली असायची, नाहीतर कुठं टेनिस बॉलची मॅच असायची. आज बसलो ते एवढ्यासाठी की सकाळपासून माझ्याशी कोणी एक शब्द बोललेलं नाही. दुकानात दूध घेतलं, तिथंही बोटानं दाखवलं.

मी अनुप. गाव पातूर, घरी भाजीपाला. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग सुरत, नाशिक, पुणे, एक पावसाळा गोव्यात. पाय कुठंच टिकला नाही. मागच्या महिन्यात कूलरच्या दुकानात होतो आणि कठोरा रोडवरच्या या खोलीत कूलर बसवायला आलो होतो. पंप जोडायचा सोडून कॉम्प्युटरकडेच पाहत राहिलो. पडद्यावर एक रेघ होती, आडवी चालत आलेली आणि एकदम वर चढलेली.

"हे कोन्या पेशंटचं हाय का मॅडम?"

"हो. प्लाझ्माचा ताप हाय थो," त्या म्हणाल्या.

या साधना सिरसाट मॅडम. राहणार अकोल्याच्या, इथं एका कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवतात. राहतात लेडीज होस्टेलला, ही खोली फक्त कामाची. युरोपात एक प्रयोग चालतो, प्रतिद्रव्य बनवायचा. आपण ज्याचे बनलो त्याच्या बरोबर उलटं. दोघं भेटले की दोघंही नाहीसे. ते बनवायला पॉझिट्रॉन नावाच्या कणांचा ढग एका नळीत चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरतात. ढग जेवढा थंड, तेवढं प्रतिद्रव्य हाती राहतं. ढग गरम असला की बनल्याबरोबर निसटून जातं. मॅडमनी कॉम्प्युटरवर गणिताचा ढग केला आहे आणि खरा ढग किती थंड व्हायला पाहिजे याचा आकडा काढला आहे. तिकडच्या लोकांनी आपल्या खऱ्या ढगांच्या रेघा पाठवल्यात. त्या रेघांवरून ताप काढायचा आणि मॅडमच्या आकड्याला लावून पाहायचा. जुळलं तर त्यांचं काम खरं.

माझं काम, प्रत्येक रेघेचा सरळ भाग कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो तिथं खूण करायची. शेकड्यांनी रेघा आहेत.

"मशीनले नाही जमत का?"

"रेघ थरथरली की मशीन फसते. आन् मी केलं तं मीच फसवीन."

"तुमी काहून फसवाल?"

"मले माझं उत्तर माहीत हाय ना. मानूस आपल्या उत्तराकडं झुकते, त्याले समजतबी नाही. मले असा डोळा पायजे ज्याले काहीच माहीत नाही. तुले काय माहीत हाय?"

"काहीच नाही."

"मंग तूच पायजे."

काही येत नाही म्हणून काम मिळालं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मी इथंच झोपतो, मशीनजवळ.

१४ मार्च

धुळवड. मॅडम आल्या नाहीत. पांढरा शर्ट घालून चौकात जाऊन उभा राहिलो. एका पोरानं पिचकारी रोखली, तेवढ्यात त्याच्या आईनं दंड धरून ओढलं, "अरे, ओळखीचे नाहीत ते." शर्ट जसा नेला तसा आणला. घडी करून ठेवला, धुवायचं काम वाचलं.

२३ मार्च

ताप कसा मोजतात ते आज मॅडमनी सांगितलं. थर्मामीटर लावता येत नाही, लावला की ढगच संपला. म्हणून असं करतात. ढगाच्या दोन्ही बाजूंना विजेच्या भिंती असतात. एका बाजूची भिंत हळूहळू खाली करायची. ज्यांच्या अंगात जास्त गरमी ते आधी उडी मारून पळतात. आणखी खाली केली की आणखी पळतात. शेवटी नळी रिकामी. म्हणजे घर किती तापलं होतं हे दार उघडल्यावर, कोण कसं पळालं त्यावरून समजतं. समजेपर्यंत घर राहत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या घराचा ताप बाबाले माझ्यावरून समजला असंन." मॅडम हसल्या नाहीत. पेन टेबलावर ठेवून माझ्याकडं पाहत होत्या. पुढं त्या आधी पळणाऱ्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या, पण खिडकीसमोरच्या उंबरावर तांबट पक्षी टुक टुक करत होता आणि तो दिसतच नव्हता. तो सापडेपर्यंत मॅडमचं सांगून झालं होतं.

एक युक्ती मात्र मला सापडली आहे, माझी स्वतःची. रेघेची सुरुवात बारीक असते, वर जाऊन ती भरीव होते. आता आमच्याकडं वांग्याचं कॅरेट बाजारात नेतात तेव्हा प्लास्टिकच्या त्या पेटीत वरचा थर चकचकीत लावलेला असतो. अडत्याला ते माहीत असतं. तो वर पाहतच नाही, सरळ कोपरापर्यंत हात खाली घालतो आणि खालचं वांगं काढतो. माल खाली समजतो. म्हणून मी रेघेची सुरुवात सोडून देतो आणि जिथं ती भरते तिथून खूण करतो. मॅडमना सांगणार होतो, पण त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं आहे, "तू कसं करतो मले सांगू नको, मी कसं करीन तुले सांगनार नाही. डोळा साफ राहू दे."

३ एप्रिल

रेघा संपल्या. खरं तर परवाच संपल्या असत्या, पण पेन ड्राइव्ह आणायला निघालो आणि स्टँडजवळ एक काळीपिवळी "दर्यापूर, दर्यापूर, एकच शीट" म्हणून ओरडत होती. एकच जागा आहे म्हटल्यावर ती माझ्यासाठीच ठेवल्यासारखी वाटली. दर्यापूरला काही काम नव्हतं. रसवंतीत बसलो, ऊस पिळणाऱ्याशी बोललो, परत आलो. पेन ड्राइव्ह राहिला तो राहिलाच.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "येवढ्या रेघा कोनी केल्या नसत्या रे." मी दिवसभर ते वाक्य घेऊन फिरलो.

८ एप्रिल

आज माझ्या खुणा मॅडमच्या आकड्याला लावल्या. आता झाकायचं काही उरलं नाही म्हणून त्यांनी मलाही दाखवलं. त्यांचा ढग सांगतो, परम शून्याच्या वर तीस अंश. माझ्या रेघा सांगतात, त्याच्या दुप्पट. दोन्ही म्हणजे हाडं गोठवणारी थंडी, इथं कूलरसमोर बसूनही कल्पना येत नाही. पण प्रतिद्रव्याच्या हिशेबात एक जगतं आणि एक मरतं.

मॅडमनी दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहिले. मग त्यांनी गणित वरून खालपर्यंत पुन्हा पाहिलं. मला चहा आणायला पाठवलं. आणलेला चहा तसाच निवला.

"माह्याकडून काही चुकलं का मॅडम?"

"नाही रे. तुले काय फायदा चुकून? रेघ खोटं बोलत नाही. माह्या ढगातच काहीतरी राह्यलं."

असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. मला आवडलं. वाईट दिवशी आवडलं म्हणून आणखी वाईट वाटलं.

१३ एप्रिल

मॅडम अकोल्याला गेल्या. उद्या जयंती, दरवर्षी जातात. पण या वेळी होस्टेलमधली गादीही नेली. जाताना इथं आल्या होत्या, तेव्हा सांगितलं. लिपिकाची परीक्षा दिली होती, अकोल्यातच एका सरकारी कार्यालयात नेमणूक मिळाली आहे, अठ्ठावीसला रुजू व्हायचं.

"आन् हे?" मी मशीनकडं हात केला.

"तिकडच्याइले लिहीन, माझं मॉडेल चुकलं म्हनून. महिनाअखेरपर्यंत कळवाचं होतं, कळवीन."

"कधी लिहान?"

"रुजू झाल्यावर. आदी लिहाले बसली तं हात थांबन माझा, नोकरी हाती असली की लिहिनं होईन." त्यांनी चावी टेबलावर ठेवली. "महिनाभर खोली आपली हाय. राह्य तोवर. आन् दर्यापूरले जात नको जाऊ फुकटचा."

१७ एप्रिल

मशीन बंद आहे. त्याचा पंखा एवढा आवाज करायचा हे आता समजलं. तांबट दिसला. कोणाला सांगावं म्हणून मागं वळलो.

२० एप्रिल, पातूर

इथं का आलो माहीत नाही. अकोल्याचं तिकीट काढलं होतं. मॅडमच्या गावात उतरलो, स्टँडवर पाणी प्यालो आणि मॅडमकडं जायचा धीर झाला नाही म्हणून पातूरच्या गाडीत बसलो.

बाबा वांगी तोडत होते. वर न पाहताच म्हणाले, "आला का पाहुना? किती टाईम हाय गाडीले?"

मायनं विचारलं, "जेवला का?" मी हो म्हटलं. तिनं तरी ताट वाढलं. आमच्या घरात प्रश्न विचारायची पद्धत आहे, उत्तर ऐकायची नाही.

संध्याकाळी कॅरेट भरायला बसलो. बाबा म्हणाले, "बारकं खाली टाक. चांगलं चांगलं आंगाला पुसून वर मांड, देठ एका बाजूनं." मी मांडत होतो. वांगं शर्टाला पुसायचं, ठेवायचं. पुसायचं, ठेवायचं. आणि माझा हात तसाच थांबला.

वरचा थर खोटा असतो, कारण तो मी मांडतो. माझा हात लागतो म्हणून तो खोटा. त्या नळीत कोणाचा हात आहे? तिथं तर कोणीच मांडत नाही. जे आधी पळतात ते खरोखर सगळ्यात तापलेले असतात, म्हणून पळतात. मॅडम त्या दिवशी हेच सांगत होत्या, आणि मी तांबट शोधत होतो! अर्धवट कानावर पडलेलं आता जुळलं. आधीचे पळून गेले की मागे राहिलेल्यांची आपसातली ढकलाढकल बदलते, रेघ वाकायला लागते आणि ताप आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. मी खरं तेवढं सोडलं आणि वाकलेलं तेवढं मोजलं. शेकड्यांनी मोजलं.

"काय झालं बे? इंचू चावला का?" बाबा म्हणाले.

"बाबा, मले जा लागते."

"माहीत हाय. कॅरेट भरून जाजो."

भरलं. मायनं भाकरी बांधून दिल्या. तिला काही सांगितलं नाही, काय सांगणार होतो? मी निघालो की ती ओट्यावर येते आणि दुसरीकडंच पाहते.

२२ एप्रिल, अमरावती

दोन दिवस खोलीबाहेर निघालो नाही. सगळ्या रेघांच्या खुणा पुन्हा केल्या. आता रेघ जमिनीवरून उठते तिथपासून धरतो आणि वाकायच्या आधी सोडतो. मागं आकडे झाकलेले असायचे, आता खूण केली की समोर येतात. एकतीस, एकोणतीस, अठ्ठावीस, बत्तीस. मॅडमचा ढग खरा आहे!

खाली पळत गेलो. घरमालकांना सांगितलं, जुन्या दुकानातल्या मनोजला सांगितलं, कोपऱ्यावरच्या कपडे प्रेस करणाऱ्यालाही. तीस यायला पाहिजे होतं, तीस आलं! प्रेसवाला म्हणाला, "लॉटरी हाय का?" मॅडमना फोन लावला. बंद.

२४ एप्रिल

अकोल्याला जाऊन आलो. ऊन असं की रिक्षाच्या सीटवर बसवेना.

मॅडमच्या आईनं दार उघडलं. इंदूबाई. जिल्हा परिषदेत शिपाई होत्या, आता रिटायर. पुढच्या खोलीत परात घेऊन सरगुंडे करत होत्या, कणकेची पट्टी काडीवर गुंडाळायची आणि ओढून काढायची.

"कोन पायजे?"

"साधना मॅडम. मी त्याइच्या कामावरचा, अमरावतीचा."

"कोनतं काम? थे काम सरलं. तिले सोमवारी हापिसात जायाचं हाय. परमनंट हाय." असं म्हणून पाणी मात्र दिलं.

मॅडम आतून आल्या. बारीक झाल्या आहेत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, अडत्या, कॅरेट, वरचा थर, सगळं. मला वाटलं मारतील. त्या खाली बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसल्या.

"वांगे! मी गनितात चूक शोधून राह्यली होती, आन् चूक वांग्यात होती!"

मग मी शेवटी विकत आणलेला पेन ड्राइव्ह त्यांनी लॅपटॉपला लावला आणि एकेक रेघ पाहत गेल्या. हसू गेलं.

"जुळते ना मॅडम?"

"जुळते. अनुप, या खुना केल्या तवा माझा आकडा तुले माहीत होता?"

"होता ना. तुमीच तं दाखवला."

"आन् खूण केली की ताप समोर दिसत होता?"

"हो."

"मंग तुझा डोळा उष्टा झाला रे. उष्टं कसं वाढू लोकाइले?"

"पन हे खरं हाय!"

"मलेबी वाटते खरं हाय. वाटते म्हनूनच चालत नाही." त्यांनी लॅपटॉप मिटला. "काहीच माहीत नाही असा मानूस पायजे, पुन्हा पह्यल्यापासून करनारा. कोठून आनू? कॉलेजात सगळ्याइले माझा आकडा पाठ हाय, मीच सांगत फिरली. आन् आता दिवस कोठी राह्यले?"

"मी शोधतो."

"तू कोनाकोनाले सांगून बसला हायेस थे सांग आदी."

मी बोटं मोजायला लागलो. इंदूबाईंचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. त्यांची एकच काडी किती वेळ हातात होती, कणीक वाळून तडकली तरी. शेवटी म्हणाल्या, "जेवून जाय." मॅडम आत निघून गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. मी एकटाच जेवलो. इंदूबाई पंख्याखाली बसून माझ्या ताटाकडं पाहत होत्या.

२६ एप्रिल, अमरावती

ज्यांना मी सांगितलेलं नाही अशी माणसं या शहरात किती तरी आहेत, पण त्यांची माझी ओळख नाही. स्टँडवर एकाला विचारलं, भाऊ, दोन दिवस रेघा पाहता का? तो खिसा धरून मागं सरकला. घरमालकांची सून वर आली, पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, "तीसच यायला पाहिजे ना? तसं करून देते मी." मनोजनं तर पडदा पाहायच्या आधीच विचारलं, "उभी रेघ पायजे का आडवी?"

एवढ्या गावांत हिंडलो. कुठंही जाऊन ज्याला म्हणावं, ये, माझ्याजवळ बस, असं एकही माणूस मी कमावलेलं नाही. हे आज लिहिताना समजलं, की आधीच माहीत होतं, देव जाणे.

बॅग भरली आहे. जळगावला केळीच्या गाड्यांवर काम मिळतं म्हणतात. मॅडम परवा रुजू होतील आणि आपलं काम खोटं होतं असं तिकडं लिहून पाठवतील. खरं असून.

२७ एप्रिल

सकाळची गाडी चुकवली. मुद्दाम नाही. मशीनवरची धूळ पुसत बसलो, मग कूलरमध्ये पाणी भरलं. जाणाऱ्या माणसानं कूलर भरायची काय गरज? दुपारची गाडी आहे. जिन्यावर कोणीतरी चढतंय. मालक असतील, चावी मागायला. थांबतो.

परत लिहितो आहे, घाईत. त्या बाहेर नळावर तोंड धुऊन राहिल्या आहेत.

दार उघडलं तर इंदूबाई. एकट्या, घामानं थबथबलेल्या, हातात कापडी पिशवी. माझ्याकडं खालून वर पाहिलं.

"उष्ट्या डोळ्याचा थो तूच ना?"

"मॅडम कोठी हायेत?"

"घरी हाय. तिले वाटते मी बहिनीकडं मूर्तिजापूरले गेली. बसू दे आदी."

बसल्या. पदरानं मान पुसली. मशीनकडं असं पाहिलं जसं पोरीच्या सासरकडच्या माणसाकडं पाहतात.

"थे म्हने, ज्याले काहीच माहीत नाही असं मानूस पायजे. मले काहीच माहीत नाही. त्या दिशी तू वांग्याचं का बोलला थेबी नाही समजलं, आन् आकडा तं कोनी बोललंच नाही. एवढी वर्सं झाली, मी तिले विचारलंच नाही, का करून राहिली बाई तू म्हनून. विचारलं असतं तं आज कामाची नसती."

"आई, पन तुमाले तं नोकरी..."

"हो. मले तिची नोकरीच पायजे. तुह्याशी खोटं कायले बोलू? पन पोट्टी जेवत नाही. उद्या खुर्चीवर बसन आन् जनमभर इचारत राहीन, माझं खरं होतं का खोटं. खोटं निघालं तं निघू दे. खरं निघालं तं मंग थे जाने आन् तिचं हापिस जाने. पन अधांतरी नको." पिशवीतून चष्म्याची डबी काढली, पुसली, पुन्हा ठेवली. "कोठी खूण कराची एवढंच सांग. वरतं एक अक्षर बोलू नको. तोंडावरून समजन असं बसूबी नको माह्यापुढं."

मी आकड्यांवर पट्टी लावली आहे. मॅडमनी पहिल्या दिवशी मला जे एक वाक्य सांगितलं होतं, सरळ भागाच्या दोन टोकांना खूण कर, तेवढंच सांगणार आणि भिंतीकडं तोंड करून बसणार. बॅग खुर्चीवरून खाली काढली, त्यांना बसायला.

हाक मारून राहिल्या, "अबे, चालू कर ना थे मशीन." मी ओ सुद्धा देत नाही आहे.